तिकिटामागची बाकी

एका तालुक्याच्या गावी एक कंडक्टर राहत होते. 31 वर्षं त्यांनी एसटीत घंटीची दोरी ओढली आणि मग ते निवृत्त झाले. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या पत्नीला आक्का म्हणत.

आबा सचोटीचे होते. कुणाचा रुपया त्यांनी ठेवला नाही आणि कुणाला तिकिटाशिवाय नेलं नाही. त्यांचे दोन हट्ट मात्र साऱ्या डेपोला ठाऊक होते. पहिला हट्ट सुट्ट्या पैशांचा. मोठी नोट पुढे आली की ते म्हणत, "ही काय बँक आहे? सुट्टे काढा." दुसरा हट्ट मराठीचा. बाहेरच्या मुलखातला कुणी हिंदीत तिकीट मागू लागला की ते म्हणत, "आमच्या गावात आलायस ना? मग चार शब्द आमचे शीक." ते रागानं बोलत नसत. पण बोलल्याशिवाय तिकीटही फाडत नसत.

त्यांची लेक लग्न होऊन बेंगळुरूला गेली होती. एका जानेवारीत तिचा फोन आला, "या संक्रांतीला तुम्हीच इकडे या." दोघांनी निघायची तयारी केली. आबांनी बँकेतून पाचशेच्या नोटा काढल्या आणि आतल्या खिशात ठेवून वरून पिन लावली. आक्कांनी तिळगुळाचा डबा भरला. देवघरातल्या वाटीत वर्षभर साठलेली नाणी त्यांनी जुन्या बटव्यात ओतली आणि बटवा कमरेला खोचला.

आबांनी आणखी एक तयारी केली. वाचनालयातून इतिहासाचं पुस्तक आणून ते वाचून काढलं. 1537 साली केंपेगौडांनी मातीचा कोट बांधून हे शहर वसवलं. पुढे 1638 साली विजापूरच्या फौजेनं ते घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. हे वाचून आबांची छाती फुगली. "आपण काही परक्या गावाला चाललो नाही," ते आक्कांना म्हणाले, "आपल्याच राजांच्या गावाला चाललोय."

पोहोचल्या रात्री लेकीनं आईबाबांना गरम भात वाढला आणि चार गोष्टी सांगितल्या. शहर माथेरानपेक्षाही उंचावर आहे, पहाटे शाल घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बसमध्ये पुढचं दार आणि पुढची बाकं बायकांची, बाबा, तुम्ही मागून चढा. सुट्टे जवळ ठेवा. आणि कुणाशी बोलायचं झालं तर पहिला शब्द कन्नड असू दे, पुढे मोडकंतोडकं काहीही चालतं. आक्का ऐकत होत्या. आबा बातम्या बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून लेक आणि जावई कामावर गेले आणि ही दोघं गाव बघायला बाहेर पडू लागली.

पहिल्याच दिवशी रिक्षात बसल्यावर आबांनी रिक्षावाल्याला हिंदीत विचारलं, "ये शहर हमारे राजा का था, मालूम है?" रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि मीटर पाडला. उतरेपर्यंत तो काही बोलला नाही. उतरताना आक्का त्याला "बरं, येतो हं" म्हणाल्या आणि मान हलवली. मग मात्र तो हसला आणि म्हणाला, "होगि बन्नी, अज्जी." जाऊन या, आजी. दोन शब्द सोडले तर ते मराठीच होतं.

नाश्त्याला दोघं एका दर्शिनीत गेली. दर्शिनी म्हणजे तिथलं उभ्यानं खायचं हॉटेल. आबा आत शिरले, एका उंच टेबलाला टेकून उभे राहिले आणि वेटरची वाट बघू लागले. कुणी आलं नाही. त्यांनी टाळी वाजवली, "ए भैया!" म्हणून हाक मारली. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली.

आक्कांची एक सवय होती. नवीन ठिकाणी गेलं की त्या आधी पाच मिनिटं भिंतीशी गप्प उभ्या राहत आणि लोक काय करतात ते बघत. लोक आधी गल्ल्यावर पैसे भरत होते. चिठ्ठी घेऊन खिडकीशी जात होते. डोसा घेऊन उभ्यानं खात होते आणि संपल्यावर ताटली स्वतः नेऊन टबात ठेवत होते. कुणी जागा अडवून बसत नव्हतं, कारण मागचा माणूस ताटली हातात घेऊन उभा होता. दोन बाया गल्ल्यावर "बै-टू काफी" म्हणाल्या, तेव्हा एकाच कॉफीचे दोन अर्धे पेले आले. आक्का गल्ल्याशी गेल्या आणि तसंच म्हणाल्या. अर्धा पेला त्यांनी आबांच्या हातात दिला. कॉफी फार चांगली होती. पण आबांचं मन त्या न आलेल्या वेटरपाशीच अडकलं होतं.

लालबागेत मात्र आबा खूश झाले. हैदरअलीनं 1760 साली लावायला घेतलेली ती बाग, 1889 चं काचघर, आणि तो उघडा खडक, सुमारे 300 कोटी वर्षांचा. खडकावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज उभा होता. खडकाच्या कडेला कुणीतरी आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव कोरलं होतं. आबा तिथं थांबले. "300 कोटी वर्षं जुना दगड, आणि यांना दोन दिवसांचं नाव कोरायला हाच मिळाला," ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आबा वाईट नव्हते. दुसऱ्याची चूक त्यांना लगेच दिसत असे, एवढंच.

आक्का तोवर माळ्याच्या बाईशी बोलत होत्या. त्या एका फुलाकडे बोट दाखवत, "शेवंती?" असं विचारत आणि ती म्हणे, "सेवंतिगे." त्या अण्णा, अक्का, अज्जी म्हणत, तीही तेच म्हणे. तूप म्हटलं की ती तुप्प म्हणे. दोघी खडकाच्या सावलीत बसून असे शब्द जुळवत होत्या, दोन बहिणी जुन्या कपाटातल्या साड्या लावतात तशा. त्या संध्याकाळी आक्कांकडे दहाबारा शब्द झाले होते. किती म्हणजे एष्टु. द्या म्हणजे कोडी. पुरे म्हणजे साकु. थोडं म्हणजे स्वल्प.

भोगीच्या दिवशी दोघं फुलं आणायला कृष्णराजेंद्र मार्केटला निघाली. सणाची गर्दी होती. बस आली आणि आबा सवयीनं पुढच्या दारानं चढले आणि पहिल्या बाकावर खिडकीशी बसले. कॉलेजात जाणारी एक मुलगी पुढे आली. आधी ती कन्नडमध्ये काही म्हणाली, मग हळू आवाजात म्हणाली, "अंकल, लेडीज." आबा उठले. 31 वर्षं ज्यांनी लोकांना बाकांवरून उठवलं होतं, त्यांना आज एका मुलीनं उठवलं. त्यांचे कान लाल झाले. गर्दीतून वाट काढत ते मागे गेले आणि दांडी धरून उभे राहिले.

कंडक्टर पुढून तिकिटं देत येत होता. चाळिशीचा, खाकी शर्टाचा माणूस. बायकांना तो शून्य रुपयाचं तिकीट देत होता. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात तिथल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता दाखवला की झालं. आक्कांपाशी येऊन त्यानं विचारलं, "आधार?" आक्कांनी आधार कार्ड काढलं, पण दाखवण्याआधीच मान हलवली आणि म्हणाल्या, "महाराष्ट्र." शेजारच्या बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी सांगितलं, असू दे, घे की, लेकीकडेच राहतेस ना. गर्दी एवढी होती की कंडक्टरनंही कार्ड नीट पाहिलं नसतं. आक्का मराठीतच म्हणाल्या, "नको बाई. आमच्याकडे एसटीत अर्धं तिकीट आहे, ते आमचं. हे तुमचं." त्या बाईला शब्द कळले नसतील, पण तिनं सरकून आक्कांना बसायला जागा केली. आक्कांनी कंडक्टरला मागे उभे असलेले आबा दाखवले आणि दोन बोटं वर केली.

कंडक्टर मागे आला. दोन तिकिटांचे 24 रुपये झाले होते. आबांनी पिन काढली आणि पाचशेची नोट पुढे केली.

"चिल्लरे कोडी, यजमान्रे," कंडक्टर म्हणाला.

सुट्टे द्या, एवढाच त्याचा अर्थ. चिल्लर हा शब्द आबांनी जन्मभर वापरला होता. पण त्या दिवशी त्यांना तो ऐकू आला नाही. "हिंदी में बोलो," ते मोठ्यानं म्हणाले, "और यजमान किसको बोलता है?"

बसमधली माणसं गप्प झाली. कंडक्टर काही बोलला नाही. त्यानं नोट घेतली, तिकिटं काढली, कानावरचं पेन घेऊन एका तिकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि दोन्ही आबांच्या हातात दिली. आबांनी ती न बघता चुरगाळून खिशात कोंबली.

मार्केट आलं. दोन्ही दारांतून माणसं एकदम खाली उतरली. आबा उतरले आणि तडक चालू लागले. मागून कुणीतरी ओरडत होतं, "यजमान्रे! यजमान्रे!" आबा आक्कांना म्हणाले, "बघ, अजून त्याचं भांडण संपलं नाही," आणि गर्दीत शिरले.

मार्केटात फुलांच्या राशी लागल्या होत्या. मोगरा, अबोली, पिवळी शेवंती. गजरे तिथं हातानं मोजून देतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. फुलवालीनं आपल्या काळ्या, ओल्या हातावर माळ ताणून धरली. कुणी गिऱ्हाईक फुलं हाताळत नव्हतं, कुणी हुंगून पाहत नव्हतं, कारण ती देवाला जायची होती. "एष्टु?" आक्कांनी विचारलं. बाईनं भाव सांगितला तो आक्कांना कळला नाही, मग तिनं बोटांनी सांगितला. आक्का म्हणाल्या, "एरडु मोळ कोडी." फुलवाली हसली. दोन हात मोजून झाल्यावर तिनं दोरा तिथंच तोडला नाही, वर आणखी चार बोटं माळ सोडली आणि मग तोडला.

पैसे द्यायला आबांनी खिशात हात घातला आणि त्यांना आठवलं. पाचशेची नोट दिली होती. बाकी घेतलीच नव्हती.

31 वर्षं ज्यांनी परक्यांची बाकी सांभाळली, ते रागाच्या भरात स्वतःची विसरले होते. बस केव्हाच गेली होती. "लुबाडलं," आबा म्हणाले, "परका माणूस बघून लुबाडलं." आक्कांनी बटवा सोडला आणि फुलांचे पैसे नाण्यांत मोजून दिले.

गर्दीत आक्कांच्या पिशवीचा बंद तुटला होता. घरी परतताना गविपुरम् लागलं, तिथल्या एका गल्लीत शिंप्याचं छोटं दुकान दिसलं. म्हातारा शिंपी मशीनवर वाकला होता. आक्कांनी खुणेनं बंद दाखवला आणि पिशवीतली फुलं, नारळ, खण एकेक करून बाहेर काढत मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..."

शिंप्यानं मान वर केली. "कुटनं आलासा?" त्यानं विचारलं.

ती मराठी होती. जुनी, कानडी हेल लागलेली, पण मराठी. त्याच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या याच गावात कपडे शिवत आल्या होत्या. घरात मराठी, दारात कन्नड. आबांना भरून आलं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी, बाक, कंडक्टर, नोट, यजमान. सांगता सांगता शहाजीराजांची जहागीरही त्यांनी सांगितली. "आणि तो रजनीकांत," ते म्हणाले, "तोही मराठी घरातला. इथंच कंडक्टर होता. आमच्या लोकांनी या गावात बस चालवल्यात. आणि आम्हालाच हे लोक..."

शिंपी ऐकत होता आणि पिशवीला टीप मारत होता. आबांचं बोलणं संपल्यावर त्यानं हात पुढे केला. "तिकीट हाय का ते? दावा बघू."

आबांनी चुरगाळलेली तिकिटं काढली. शिंप्यानं मशीनच्या पाटावर ठेवून ती अंगठ्यानं सपाट केली आणि उलटली. एका तिकिटाच्या मागे निळ्या शाईत लिहिलं होतं 476. आकड्याभोवती गोल होता.

आबा त्या आकड्याकडे बघत राहिले. असा आकडा आणि असा गोल त्यांनी स्वतः हजारो तिकिटांच्या मागे काढला होता. सुट्टे नसले की कंडक्टर असंच करतो. मागे बाकी लिहून देतो आणि उतरायच्या आधी बोलावून परत करतो.

"यजमान म्हंजे आमच्याकडं घरातला मोटा माणूस," शिंपी म्हणाला. "वयाच्या माणसाला मान देऊन अशी हाक मारत्यात. त्यो तुमाला बोलावत हुता, पैसे द्याला."

मशीन थांबलं होतं. बाहेर गल्लीत कुणीतरी कन्नडमध्ये पोराला हाका मारत होतं.

"रजनीकांतचं म्हणालासा," शिंपी पुढे म्हणाला, "त्यो शिकला ते आमच्या गविपुरम् मधल्याच सरकारी कन्नड शाळेत. आनि राजांचं म्हणालासा. मल्लेश्वरम् ला काडु मल्लेश्वराचं देऊळ हाय. तितं 1669 चा दगडावरचा लेख हाय, शहाजीराजांच्या लेकानं, व्यंकोजीराजांनी, देवाला गाव दिल्याचा. राजे हितं देऊन गेले, म्हणून दगडावर नाव ऱ्हायलं." त्यानं दोरा दातानं तोडला आणि पिशवी आक्कांच्या हातात दिली. शिलाईचे पैसे त्यानं घेतले नाहीत. उलट म्हणाला, "उद्या सांजच्याला आमच्या गंगाधरेश्वराला या. संक्रांतीला उन्हाची तिरीप नंदीच्या शिंगांमधनं गुहेत येत्या, पिंडीवर. लई गर्दी असत्या. पायताणं लांबच काढा आनि रांगेत ऱ्हावा. ऊनबी कुणाला धक्का न लावता येतंय बघा."

त्या रात्री आबांना झोप आली नाही. आक्कांना वाटलं, पैशांचा विचार करतायत. "जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या, "सणासुदीचं काय मनाला लावून घेता."

"पैशांचं नाही गं," आबा म्हणाले. "बॅगेचं."

आक्कांना कळेना. आबा अंधारात उठून बसले आणि सांगू लागले. कंडक्टरच्या बॅगेत पैसे कमी निघाले तर त्याच्यावर आळ येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण जास्त निघाले तरी येतो. वाटेत तपासणीवाले चढतात, तिकिटं आणि रोकड ताडून बघतात. वर निघालेला एकेक रुपया कुठून आला ते सांगावं लागतं. एकदा एक म्हातारी बाकी न घेता उतरून गेली होती, तेव्हा आबांच्या बॅगेत 80 रुपये जास्त निघाले होते. तो दिवस ते विसरले नव्हते. "माझ्या पाठीमागं ओरडत होता बिचारा," ते म्हणाले. "476 रुपये. मी त्याच्या गळ्यात टाकून आलो."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ते तुझे शब्द सांग बघू."

आक्कांनी दिवा लावला. तिळगुळाच्या डब्यावरच्या कागदावर त्यांनी देवनागरीत पाच-सहा शब्द लिहून दिले. आबांनी ते पाठ केले, नोकरीच्या पहिल्या वर्षी रस्त्यावरचे टप्पे पाठ केले होते तसे, एकामागून एक, बोटं मोडत.

संक्रांतीच्या सकाळी दोघं मार्केटच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. थंडी होती. त्याच नंबरची एक बस आली, दुसरी आली. तिसऱ्या बसच्या पायरीवर तो उभा होता. आबांनी त्याला पाहण्याआधी त्यानंच आबांना पाहिलं आणि हाक मारली, "यजमान्रे!"

या वेळी आबांनी ओ दिली.

ते पुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं. "कन्नड स्वल्प," ते म्हणाले. "क्षमिसी." मग त्यांनी चुरगाळलेलं तिकीट काढून उलटं धरलं.

कंडक्टरनं बॅगेचा बाजूचा कप्पा उघडला. त्यात एका चिठ्ठीत गुंडाळून, रबर लावून 476 रुपये वेगळे ठेवले होते. आबांनी बॅगेकडे बोट दाखवलं आणि कपाळावर आठ्या घालून विचारलं, तपासणी? तुला काही? कंडक्टरला एक क्षण कळलं नाही. मग त्यानं हातानं सांगितलं, डेपोत सांगून ठेवलं होतं, काळजी नको. हे याला कसं ठाऊक, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. आबांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. तिकिटाचा पंच दाबून दाबून त्या अंगठ्याला पडलेला घट्टा इतक्या वर्षांनीही गेला नव्हता. "कंडक्टर," आबा म्हणाले. "31 वर्षं." कंडक्टरनं तो अंगठा आपल्या बोटानं चाचपून पाहिला आणि मोठ्यानं हसला. त्यानं ड्रायव्हरला ओरडून काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनंही वळून हात वर केला.

परमुलखात जाताना माणूस मोठ्या नोटा घेऊन निघतो. आपला इतिहास, आपली भाषा, आपलं वय, आपण केलेली नोकरी. त्या नोटा खोट्या नसतात आणि घरी त्यांची किंमतही मोठी असते. पण बसमध्ये, फुलवालीपाशी, डोशाच्या खिडकीशी त्या मोडून मिळत नाहीत. तिथं सुट्टे लागतात. एक नमस्कार, एक "किती", एक "पुरे", आणि बोलण्याआधी भिंतीशी गप्प उभी राहिलेली पाच मिनिटं. आबा 31 वर्षं लोकांकडे हेच मागत आले होते, आणि त्यांचं मागणं बरोबरही होतं. फक्त स्वतः निघताना ते खिशात घ्यायचे राहून गेले होते.

बस सुटायची वेळ झाली. आक्का पुढच्या दारानं चढल्या, आबा मागच्या. कंडक्टर आला तेव्हा आबांनी आक्कांच्या बटव्यातून आणलेली नाणी मोजून त्याच्या हातावर ठेवली. "चिल्लरे," ते म्हणाले. बरोबर 24 रुपये होते.

पुढच्या थांब्यावर गर्दी थोडी कमी झाली. आक्का डबा उघडून मागे आल्या आणि त्यांनी कंडक्टरच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," त्या म्हणाल्या. कंडक्टर थांबला. त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. त्याच्या बायकोनं सकाळी दिली असावी. तिच्यात तीळ होते, गुळाचे बारीक खडे होते, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळं. त्यानं चिमूटभर आक्कांच्या हातावर ठेवलं, चिमूटभर आबांच्या. "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे मातनाडी," तो म्हणाला.

त्याचा अर्थ कुणी कुणाला सांगितला नाही. आबा खडीसारखा तो गूळ तोंडात घोळवत राहिले.

त्यांचा थांबा आला. आबा दांडी धरून खाली उतरले आणि वळून म्हणाले, "होगि बर्तीनी." बस निघून गेल्यावर त्यांनी खिशातलं तिकीट काढलं आणि सवयीनं उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.